खाचेचं झाकण

आपल्या स्वयंपाकघरात भांड्यांना जेवढा मान, तेवढा झाकणांना कधीच मिळत नाही. पातेल्याला पोचा आला तर आपल्या पोटात कालवतं, पण झाकण? लग्नात आलेल्या पाच पातेल्यांची पाचही झाकणं आज काढून दाखवील अशी बाई मला तरी भेटलेली नाही. एखादं शेजारी भाजी झाकून गेलेलं असतं, एखाद्यात चिमण्यांना पाणी ठेवलेलं असतं. उरलेल्यांतलं जे बसेल ते ठेवायचं, नाहीच बसलं तर ताट पालथं घालायचं. मीही इतकी वर्षं असंच करत आले. पण गेल्या वर्षी एका झाकणासाठी मी आमचा गंज पिशवीत घालून नशिराबादहून जळगावला गेले आणि आणलेल्या कोऱ्या झाकणाला मुद्दाम खाच पाडून घेतली. (गंज म्हणजे आमच्याकडचं उभट, खोल पातेलं.) मैत्रिणींनो, ही हकिकत सांगण्यासारखी एवढ्याचसाठी, की ते झाकण नीट बसलं नसतं तर माझी शाळेतली नोकरी सुटलीच होती.

आमचे सासरे, आबा, ऐंशीच्या पुढचे. उभा जन्म केळीत आणि कपाशीत गेला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उरल्यासुरल्या दाढा काढाव्या लागल्या. कवळी करून घेतली, पण खालच्या हिरडीवर ती ठरेना. जेवताना निसटते, टोचते, म्हणून आबांनी एक दिवस ती पेल्यात घालून ठेवली ती कायमचीच. मग सुरू झालं सगळं कुस्करलेलं. वरणात कालवलेली पोळी, मिक्सरमधून काढलेली भाजी, मऊ भात, पुन्हा मऊ भात. चार दिवस त्यांनी मुकाट्याने खाल्लं, पाचव्या दिवशी ताट पुढे सरकवून म्हणाले, "मी काय तान्हं लेकरू हाये का?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. त्यांना चावता येत नव्हतं, पण ताटात भाजी भाजीसारखी दिसायला हवी होती. गाजराची फोड गाजराची दिसावी, सुरणाची सुरणाची. जिभेने टाळूवर दाबली की विरघळावी, पण ताटात मात्र उभी राहावी. तुम्ही म्हणाल, कुकर आहे की! कुकर आहे, पण एका शिट्टीत गाजराचा मधला दांडा कडक राहतो आणि तीन शिट्ट्यांत दुधीचं पाणी होतं. वेगवेगळं लावावं तर सकाळच्या घाईत तीन वेळा कुकर कोण लावणार? आबांचं वजन उतरत चाललं होतं, डॉक्टरांनीही बोलून दाखवलं. सासूबाई माझ्याकडे बघत, मी यांच्याकडे, आणि हे भुसावळच्या गाडीची वेळ झाली म्हणून घड्याळाकडे.

धाकटे दीर जर्मनीत असतात. ते दिवाळीला आले, वडिलांचं जेवण पाहिलं आणि परत जाऊन कुणाच्या तरी हाती एक वस्तू पाठवली. हातभर लांबीची, जाडसर दांड्यासारखी. तिचं खालचं टोक पाण्यात बुडवून ती भांड्याच्या काठाला चिमट्याने अडकवायची. आत हीटर आणि छोटा पंखा असतो. तो पाणी फिरवत राहतो, आणि वरच्या तोंडावर आपण जो आकडा लावू त्या अंशावर पाणी तासन्‌तास राहतं, एका अंशाचाही फरक पडत नाही. पदार्थ पाण्यात थेट टाकायचा नाही, पिशवीत किंवा बरणीत बंद करून ठेवायचा. या प्रकाराला 'सू व्हीद' म्हणतात. फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'हवा काढलेल्या अवस्थेत'. १९७४ च्या सुमारास जॉर्ज प्रालू नावाच्या फ्रेंच आचाऱ्याने तो हॉटेलात रूढ केला. महागडी कलेजी शिजवताना तिची चरबी वितळून वजन फार घटायचं, ते वाचवण्यासाठी. आमच्या माळकरी घरात कलेजीचं नाव काढायची सोय नाही. पण दिरांनी फोनवर एक गोष्ट सांगितली ती माझ्या कामाची होती. भाजीचे कण एकमेकांना धरून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो, पेक्टिन, तो ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुटायला लागतो. पाणी खळखळ उकळत नसल्याने फोडी एकमेकींवर आपटत नाहीत, कडा झिजत नाहीत. म्हणजे आतून मऊ आणि बाहेरून शाबूत. आबांना हवी तशी फोड!

आधी विजेचं पाहून घेतलं. तिकडच्या प्लगच्या दोन गोल पिना आपल्या सॉकेटात कशाबशा बसतात, पण अर्थिंगची जोडणी होत नाही. पाण्यात बुडणाऱ्या वस्तूला अर्थिंग नसणं म्हणजे खेळ नव्हे. म्हणून वायरमनकडून प्लग कापून तीन पिनांचा नवा बसवून घेतला. परदेशातून भावाबहिणींनी धाडलेल्या वस्तू आपल्याकडे येतात तेव्हा हे एवढं प्रत्येकीने करून घ्यावं.

पहिल्या दिवशी गंजात दहा लिटर पाणी, त्यात गाजराच्या फोडींची बरणी, दांडी लावली आणि समोर बसून राहिले. अडीच तासांनी फोडी निघाल्या त्या अगदी मनासारख्या. आबांनी एक तोंडात घातली, क्षणभर थांबले, दुसरी घेतली. काही बोलले नाहीत. आमच्या घरात न बोलता दुसऱ्यांदा घेणं ही शाबासकीच असते.

पण गंज पाहिला तर पाणी चांगलं चार बोटं खाली गेलेलं. दांडीवर दोन खुणा असतात, पाणी त्या दोहोंच्या मधे हवं. खालच्या खुणेखाली गेलं की ती पिंपिं करते आणि बंद पडते. बंद पडणं बरोबरच आहे, नाहीतर हीटर कोरडा जळेल. पण बंद पडली की पाणी निवू लागतं आणि आतली भाजी ना धड शिजलेली, ना धड गार, अशी कोमट होऊन बसते. ५ ते ६० अंशांच्या मधलं अन्न जंतूंना फार मानवतं. म्हाताऱ्या माणसाच्या पोटात असलं अन्न कसं घालायचं? म्हणजे दर तासाला कुणीतरी पाणी ओतायला हवं, आणि तेही उकळतं. गार ओतलं तर अंश खाली जातात.

हे 'कुणीतरी' कोण? मी इथल्याच एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. अकरा ते दोन. पैसे म्हणाल तर सांगायला लाज वाटावी इतके, उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नाहीत. पण ते तीन तास माझे आहेत. सासूबाईंचे गुडघे गेलेले. उकळत्या पाण्याचं पातेलं उचलून ओतणं त्यांना झेपणारं नाही आणि मी त्यांना ते करू देणारही नाही. यांनी सहज म्हणून टाकलं, "नाहीतर या वर्षी तास घेऊ नकोस." रागाने नव्हे, अगदी सहज. अशा सहज म्हटलेल्या वाक्यांनी किती जणींच्या नोकऱ्या गेल्या असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. मी काही बोलले नाही, पण त्या रात्री मनाशी ठरवलं, पाणी ओतायला माणूस शोधायचा नाही, पाणी जातं कुठे ते शोधायचं.

पाणी जातं वाफेवाटे, हे पोरंही सांगतील. पण वाफ नुसतं पाणी नेत नाही, उष्णताही नेते, आणि किती नेते ते मला आकडा मांडल्यावर कळलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंकडून समजून घेतलं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे आठ लिटर पाणी २० अंशांवरून ८५ पर्यंत तापतं. विजेच्या भाषेत ०.६ युनिटाहून थोडं जास्तच. आमचं तीन तासांत दीड लिटरच्या वर उडत होतं. मी मापाच्या पेल्याने मोजलं. म्हणजे जवळजवळ एक युनिट नुसतं छताकडे! अख्खा गंज तापवायला पाऊण युनिट पुरतं, आणि तापलेला राखायला त्याहून जास्त जात होतं. सगळं उघड्या तोंडातून.

ही अक्कल काही जगात नवी नाही. उष्णता कोंडून अन्न शिजवायची हौस आपल्याकडे जुनी आहे. बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये काढलेला इकमिक कुकर तुमच्यापैकी कुणाच्या आजीकडे असेल. खाली निखारे, वर पाणी, त्यावर डब्यांची चळत आणि भोवती बंद नळकांडं; सकाळी लावून कामाला जावं, येऊन जेवावं. पुण्याच्या 'आरती' या संस्थेचा सराई कुकर त्याच जातीचा, शेतातल्या पाचटासारख्या टाकाऊ मालापासून केलेल्या कोळशाच्या चार कांड्यांवर घरच्यांचा वरणभात-भाजी करणारा. युद्धाच्या दिवसांत युरोपातल्या बायका उकळलेलं पातेलं गवत भरलेल्या पेटीत पुरून ठेवत. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: विस्तव थोडा, पण झाकण घट्ट.

माझी अडचण अशी, की दांडी काठाला अडकवली की कुठलंच झाकण बसत नाही. ती वर वीतभर उभी असते. दोन ताटं दोन्हीकडून सरकवून पाहिली. मधे फट राहते, आणि सगळी वाफ त्या फटीतून नेमकी दांडीच्या तोंडावर जाते, जिथे विजेची कामं आहेत. काचेवर धुकं जमलं तेव्हा ती ताटं काढलीच. भाकरी गुंडाळायचा चंदेरी कागद वाफेने मऊ पडून पाण्यात लोंबतो. दिरांनी सांगितलं, तिकडे लोक पाण्यावर टेबल टेनिसचे चेंडू पसरतात. ऐकून माझी मुलगी आठवडाभर हसत होती. यांनी सुचवलं की तयार झाकणं मागवता येतात. येतात, पण ती पारदर्शक चौकोनी डब्यांची, आणि डब्यासकट घ्यायची म्हणजे मला महिनाभर शिकवावं लागेल. साध्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण कापावं तर ८५ अंशांना ते लिबलिबीत होतं. मग स्टीलच.

घरातल्या कुठल्याही झाकणाला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. गंज पिशवीत घेतला, रिक्षाने जळगाव गाठलं, भांड्यांच्या दुकानात तो फळीवर ठेवला. झाकणं नंबराने मिळतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. एक नंबर मोठं घेतलं, म्हणजे काठाच्या बाहेर बोटभर येईल असं. दोन गोष्टी पाहून घेतल्या. पत्रा जाडसर हवा, कारण पातळ पत्रा कापताना वाकतो. आणि मूठ स्क्रूने बसवलेली हवी, डाग दिलेली नको. त्याचं कारण पुढे सांगते.

घरी आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा नमुना केला. शिवण येणाऱ्या बायकांना हे सांगायला नको, कापडाआधी कागद! दांडी काठाला अडकवून, पुठ्ठा वर ठेवून, तिच्याभोवती पेन्सिल फिरवली आणि चारी बाजूंनी गव्हाच्या दाण्याएवढी जास्त जागा धरली. खाच मधोमध भोकासारखी नाही, काठापासून आत जाणारी, आपण गळा कापतो तशी. भोक पाडलं तर झाकण काढताना प्रत्येक वेळी दांडी उपसावी लागेल. खाच असली की झाकण नुसतं बाजूला सरकतं. माझी खाच साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि आठ खोल झाली. तुमची दांडी निराळी असेल, माझ्या मापावर जाऊ नका.

झाकण आणि पुठ्ठा घेऊन निघाले तशा सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "कायले कापते वं चांगलं झाकन? भांडं हाये ते, पायजमा नाही!" त्यांचंही खरंच. नव्या भांड्याला कात्री लावणं कुणाला बघवेल?

आमच्या बाजारात स्टोव्ह-कुकर दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. त्यांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला, कशासाठी ते विचारलं नाही. फक्त "आबांच्या जेवणाचं काम आहे" म्हटल्यावर चहा बाजूला ठेवला. झाकण दोन फळ्यांत दाबून धरलं, वरून खूण केली आणि ग्राइंडरने दहा मिनिटांत खाच पाडली. कापलेली कड वस्तऱ्यासारखी असते, तिला हात लावू नये. त्यांनी कानस मारून दिली, मी घरी येऊन पॉलिश पेपर घासला, बोट फिरवून नव्हे, कापसाचा बोळा फिरवून पाहिला. जिथे तंतू अडकतात तिथे अजून धार आहे. बोळा सरळ फिरेपर्यंत घासायचं.

तरी त्या कडेला काहीतरी मऊ हवं होतं. एक तर दांडीला ओरखडे पडू नयेत, दुसरं, लोखंडाला लोखंड टेकू नये, आणि तिसरं, वाफेची फट बुजावी. इथे कामी आली कुकरची जुनी रिंग. आपण प्रत्येकजण ती 'असू दे' म्हणून खिळ्याला टांगून ठेवतो ना, तीच. कुकरातली वाफ सोसायलाच केलेली असल्याने ८५ अंशांचं तिला काही वाटत नाही. हवा तेवढा तुकडा कापला, ब्लेडने त्याला लांबीभर उभी चीर दिली आणि खाचेच्या कडेवर पदराच्या काठासारखी चढवली. गोंद लावायचा नाही. वाफेत सुटतो आणि बरणीच्या पाण्यात उतरतो.

झाकण बसलं. वाफ थांबली. पण तासाभराने बघते तो गंजाच्या बाहेरून पाण्याच्या धारा, ओटा ओला, आणि खाचेपाशी थेंब थेंब दांडीवर. झाकण घुमटासारखं; आतून जमलेलं पाणी उताराने काठाकडे येणारच. मी फडकं घेऊन पुसत होते. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "उलटं ठेव ना वं, आपन भाजीवर पानी ठेवतो तसं."

मैत्रिणींनो, मी बी.ए. झालेली. सासूबाई चौथी. पण भाजीवर उलटं झाकण ठेवून त्यात पाणी घालायचं, हे त्या साठ वर्षं करत आल्या आहेत, आणि झाकणाच्या पोटाखाली थेंब जमून मधोमध परत भाजीत पडतात हे त्यांनी रोज पाहिलेलं. उलटं झाकण म्हणजे उतार मध्याकडे. पाणी काठाला जाणारच नाही. स्क्रूची मूठ घेतली होती ती याच कामी आली: ती काढून दुसऱ्या बाजूने बसवली, म्हणजे उलट्या झाकणाला वरून धरता येईल. (खरं तर मी ती नंतर मोठी लाकडी बसवायची म्हणून घेतली होती, पण देव कधी कधी असं आधीच सुचवतो.)

फक्त एक फरक लक्षात ठेवायचा. भाजीवरच्या झाकणात पाणी घालतो ते वाफ गार होऊन परत पडावी म्हणून, भाजी करपू नये म्हणून. इथे आपल्याला उष्णता बाहेर जाऊच द्यायची नाही. म्हणून त्या खोलगट जागेत पाणी नाही, जुन्या गोधडीचा चौपदरी तुकडा ठेवायचा. गंजाच्या भोवतीही एक पट्टी गुंडाळायची. दांडीच्या वरच्या तोंडाला आणि तिच्या हवेच्या फटींना कापड लागता कामा नये, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायचं. मी तिथे गोधडीलाही खाच कापली आहे.

मग एका रविवारी मोजून पाहिलं. दहा लिटर पाणी ८५ अंशांना नेलं, वीज बंद केली आणि तासाने पारा पाहिला. उघडा गंज ६२ वर आला. नुसत्या झाकणाचा ७५. झाकण आणि गोधडी मिळून ८०. तीन तासांत उडालेलं पाणी दीड लिटरवरून अर्ध्या वाटीवर आलं. वीज वाचली ती निराळीच.

खरी परीक्षा मार्गशीर्षात झाली. साडेआठला बरण्या लावल्या, अकराला शाळेत गेले. बाराच्या सुमाराला वीज गेली आणि सव्वाला आली. माझी दांडी वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाही, तशीच गप्प बसते. दोन वाजून दहा मिनिटांनी मी घरी आले तेव्हा सासूबाई दारातच, चेहरा उतरलेला. झाकण उचलून पारा घातला. ७४! साडेतीन तासांत फोडी शिजून झाल्याच होत्या, आणि पाणी ६० च्या खाली उतरलेलंच नव्हतं. तरी बरणीतली भाजी गॅसवर एक उकळी देऊनच आबांना वाढली. त्या दिवशी सुरण होता.

आमच्या घरचा नियम आता असा आहे: पारा ६० च्या वर असेल तर भाजी चालेल, खाली असेल आणि किती वेळ तसा होता ते ठाऊक नसेल, तर गाईलाही घालायची नाही. कुणी म्हणेल अन्न टाकणं बरं नव्हे. खरं आहे, पण आजारी पडलेला म्हातारा माणूस उचलणं त्याहून बरं नव्हे.

करून पाहणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते. पिशव्यांपेक्षा मला काचेच्या जाड बरण्या बऱ्या वाटतात. धुवून पुन्हा वापरता येतात, आणि उष्णतेला चालणारी पिशवी कोणती, न चालणारी कोणती, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. बरणी गार पाण्यातच ठेवावी आणि पाण्याबरोबर तापू द्यावी, एकदम गरम पाण्यात ठेवली तर तडकते. फोडी बुडतील इतकं पाणी आत हवं, नाहीतर मधल्या हवेमुळे वरच्या फोडी कच्च्या राहतात. मी जिरं, मीठ आणि चमचाभर तूप घालते. ते पाणी मागाहून वरणात जातं. बरणीचं झाकण दोन बोटांनी फिरेल तेवढंच लावावं, गच्च आवळू नये. एकसारख्या फोडी चिरल्या तर गाजराला दोन-अडीच तास, दुधीला त्याहून कमी, सुरणाला तीनच्या पुढे. सुरण खाजतो म्हणून आपण चिंच घालतो. ती इथे आधी घालू नका. आंबटाने भाजी मऊ पडायला वेळ लागतो. चिंचेचं पाणी शिजल्यावर, उकळी देताना घालावं. टोमॅटोचंही तेच. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यातल्या क्षारानेही फोड कडक राहते, म्हणून बरणीत पिण्याचं पाणी. गंजातलं पाणी कसलंही चालतं, पण दांडीवर पांढरी पुटं चढतात. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्यात तिला ६० अंशांवर अर्धा तास फिरवली की लख्ख होते. आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लगच काढायचा.

शिजलेली बरणी बंद आहे, टिकेल, असं समजून ओट्यावर ठेवून देऊ नये. काही जंतूंची बीजं उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, आणि हवा नसलेल्या बंद बरणीत तर ती उलट फोफावतात. लसूण घातली असेल तर जास्तच जपावं. लगेच खायचं, नाहीतर बरणी गार पाण्यात निववून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचं.

सगळंच यात करावं असं मी मुळीच म्हणणार नाही. डाळ-तांदूळ कुकरातच बरे. शेवभाजीचा रस्सा तर या दांडीला सात जन्मांत जमायचा नाही. तर्री यायची ती तेलाच्या फोडणीतूनच. आणि भरीत! जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते वांगं कपाशीच्या काड्यांच्या जाळावरच भाजलं जावं, साल काळी व्हावी, धुराचा वास लागावा, तेव्हा ते भरीत. पाण्यात ठेवलेल्या वांग्याला मी वांगंही म्हणणार नाही. तशीही भरीत ही आबांना बिनदातांची मिळालेली मेजवानीच आहे, त्याला कुणाची मदत लागत नाही.

मात्र थंडीत दही लागत नाही तेव्हा हाच गंज, हेच झाकण, फक्त आकडा ४२ चा. विरजलेल्या दुधाच्या बरण्या सहा तासांत दगडासारख्या लागतात. गोधडी घातली तर दांडी जेमतेम अधूनमधून जागी होते.

या जूनपासूनही माझे तास सुरू आहेत, अकरा ते दोन. आबांचं वजन दीड किलोने चढलं. सासूबाई दुपारी एकदा झाकणाला हात लावून पाहतात, गरम आहे ना एवढंच. पाणी ओतावं लागत नाही. खाचेतून निघालेला पत्र्याचा तुकडाही त्यांनी टाकू दिला नाही, चाचांकडून कानस मारून आणवला. परातीला चिकटलेली कणीक त्या आता त्यानेच खरवडतात.

शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, की त्यांच्या मोठ्या पातेल्याला असंच झाकण होईल का. होईल, पण त्यांचं पातेलं तीस लिटरचं. माझी दांडी हजार वॅटची, ती एवढं पाणी तापवता तापवताच दोन तास घालवील. त्यांना म्हटलं, लहान गंज घ्या, आणि झाकण आणायला जाल तेव्हा गंज बरोबर न्या.